नमदा लोटणाऱ्या बायका

नारीन गावच्या बसथांब्यावर टोक्तोबुबू आजी रांगेत उभी होती. तिच्या पुढेच वृद्धाश्रमात व्यायाम घेणारी पोरगी आणि तिथल्या एका विसराळू म्हातारीची लेक यांची जुंपली होती. आजीने डोक्याचा रुमाल कानामागे सारला.

"सोमवारपासून आईला व्यायामाच्या गटातून काढणार? म्हणजे दिवसभर खाटेवर पडून राहायचं तिनं?"

"एजे," पोरगी थोरल्या बहिणीला म्हणावं तशी म्हणाली, "त्या काही करतच नाहीत. मी चेंडू टाकते, त्या मांडीवर घेऊन बसतात."

"मग काय करेल? सात पोरं वाढवलीत तिनं. ती काय पाळण्यात आहे?"

"सगळं विसरल्यात त्या. माझं नावसुद्धा."

"तुझं नाव घेऊन काय करायचंय तिला? पाय विसरलेत का? चाळीस वर्षं लोकरीचे जाड नमदे केले तिनं, जमिनीवर अंथरायचे. ओली लोकर चटईत गुंडाळायची, बायकांनी हातात हात घालून उभं राहायचं आणि पायानं लोटत न्यायची. असलं काही दे की तिला!"

"तेच तर सांगतेय! काल त्यांनी दालनातला गालिचा गुंडाळला, वर चहाची किटली ओतली आणि लागल्या लाथा मारायला. बाकीच्या चौघीही उठून शेजारी उभ्या राहिल्या, हातात हात घालून."

"ती काठीवाली पण?"

"काठी टाकून. वर गाणं म्हणत होत्या सगळ्या."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं तरी."

"आणि तू काय केलंस?"

"खाली बसवलं सगळ्यांना. व्यायामाची वेळ झाली होती ना, एजे."