तीन कड्यांची भट्टी

सांबार? आणि ते तासभर रटरटा उकळवणार? अहो साहेब, चाळीस वर्षं झाली मी आचाऱ्यांना भट्ट्या करून देतोय – या महादेवपुऱ्यात नुसती चिंचेची झाडं होती तवापासून – तासभर उकळलं तर त्याचं सांबार राहतंय व्हय? खळ होते खळ, भिंतीवर पोस्टरं चिकटवायची. आणि वर तुम्हीच सांगताय, उकळून झालं की अर्ध्या तासात गारढोण झालं पाहिजे. गार सांबार कोण खातं? तुमच्या कंपनीत खातात? – बसा, त्या सिलिंडरवर बसा, रिकामा आहे तो. मघाशी बाहेर उभं राहून फोनवर मित्राला काय सांगत होता, 'म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही'? म्हाताऱ्याला मराठी कळतं, साहेब. निपाणीकडचा आहे हा पिराजी. नाव काय म्हणालात? शुभंकर. पुण्याचे. बरोबर, पुण्याचा माणूस खोटं पण व्यवस्थित सांगतो, लिटर-मिनिटांसकट.

काय? हळू बोलू? कशाला? तो घसघस आवाज ना, ती आमची म्हातारी, भागुबाई. मागं बसून तारेच्या ब्रशानं जुने बर्नर घासते. दोन वर्षं झाली, कान गेलेत तिचे. परवा घमेलं पडलं शेजारी, मान वळवली नाही. तुम्ही बोला बिनधास्त. बियर ना? हां! किती सोपं होतं बघा. पाच लिटर करत होता घरच्या शेगडीवर, आता पन्नास लिटरचं पातेलं घेतलंत आणि शेगडी दोन तासात त्याला नुसतं कोमट करते. सरी, बरं. मग आधीच सांगायचं की! सांबार म्हणे.

आता ऐका, आणि मोबाइल ठेवा खिशात, त्यातलं काही विचारू नका मला. ही बघा पहिली, एका तोंडाची. हलवायाची. घूंऽऽ करून पेटते, विमान उतरल्यागत. सगळ्यांना हीच आवडते, आवाज येतो ना! पण हिची सगळी आग मधोमध एका जागी. तुमचं ते सातूचं पाणी असतं गोड, चिकट – तळाला धरणार, करपणार, आणि मग तुमची बियर लागणार जळक्या गुळासारखी. ही दुसरी, तुम्ही फोटोत दाखवली तसली, घरपोच येते ती. पाय बघा हिचे. करकोच्याचे. पन्नास लिटर पाणी, वर पातेलं, साठ किलोला हे पाय फाकले की उकळतं पाणी कुणाच्या मांडीवर? तुमच्याच. लग्न झालंय? नाही? मग तर जपायलाच पाहिजे. – तुम्हाला पाहिजे ही, तीन कड्यांची. बिडाची. आग पसरून लागते सगळ्या तळाला. उकळी येईस्तोवर तिन्ही कडी पेटवायची, आली की बाहेरचं बंद, नाहीतर फेस असा वर येतो की झाकण घेऊन उडतो. निळी जळली पाहिजे. पिवळी झाली तर हवेचं भोक उघडायचं, स्वल्प. घरचा लाल सिलिंडर हिला पुरत नाही, त्याचं रेग्युलेटर हिच्यापुढं फुंकणीगत. हाटेलचा निळा लागतो. आणि कुठं पेटवणार? बाल्कनीत? नवव्या मजल्यावर? काचा लावलेल्या? – उठा. उठा आधी. तशी देत नाही मी. खाली मोकळी जागा बघा, वारा अडवायला पत्रा लावा, मग या. सापडेल? मित्राचा प्लॉट आहे बेळ्ळंदूरला? बरं, बसा मग.

फेसाचं मला कसं ठाऊक? असंच. ऐकीव. – बघताय काय असं? बरं, वादिराज म्हणून एक होता, तुमच्यासारखाच, व्हाइटफील्डचा, तोही सांबारच म्हणाला होता. त्याची भट्टी बसवून द्यायला गेलो. पहिल्या खेपेला माणूस लागतोच शेजारी. आता भट्टी नीट चालली का नाही हे कशावरनं कळणार? चव बघितल्याशिवाय? आचाऱ्याची भट्टी असली तर मी भात खाऊन बघतो. तसं. तीन ग्लास. तेवढ्यावर कळलं, भट्टी झकास आहे.

शपथ घेतलेली आहे ओ मी! म्हणून तर आवाज खाली. चौदा वर्षांमागं पिऊन एका लग्नात नळी उलटी जोडली – आचाऱ्याच्या मिशा गेल्या, नवरीच्या मामाच्या भुवया गेल्या. फोटोत मामा अजून दचकल्यागत दिसतोय. मग आयुधपूजेला इथंच, हातोड्यावर कुंकू, दारात कोहळा फोडलेला, भागूनं हातोड्यावर हात ठेवायला लावला – दारू हुंगणार नाही आणि हातभट्टीला चूल करून देणार नाही. मोडलीस तर संकेश्वराला भावाकडं जाईन, या वेळी परत येणार नाही. आणि जाईल साहेब, बोललं की करते ती. मागं गेली तर चार महिने इडली खाल्ली मी, आणि इडलीचं काही नाही, पण ही घसघस नसली की दुकानात बसवत नाही मला. – पण शपथ मोडली कुठं? हातभट्टीला वरनं नळी लागते, बियरला नळी कुठाय? आणि हुंगणार नाही म्हणालो होतो ना? नाकाला चिमटा लावून प्यालो.

एकच सांगतो, मग भट्टी बांधून देतो. वादिराज गेला परगावी. जाताना सहा बाटल्या देऊन गेला, त्या मी मागं गोणपाटाखाली ठेवल्या होत्या, जुन्या स्टँडांच्या पाठीमागं. बघितलं तर दोनच. फुटतात म्हणे उन्हानं. पण काचा नकोत सापडायला? काच पण उडून गेली? उंदीर तर बूच काढून पीत नाही. – ते जाऊ दे. तुमची झाली की दोन आणा. भट्टी तपासायला. पिशवीत घालून आणा आणि वर कोथिंबीर ठेवा, म्हणजे –

घसघस थांबली का ओ?

– काय गं भागू? काही नाही, सांबार, साहेबांना सांबाराची भट्टी पाहिजे. हे काय आणलंस? तीन कड्यांची. घासून आरसा केलाय. ही – ही द्यायची यांना? पण मी तुला सांगितलं कुठं, तीन कड्यांची म्हणून? तुला ऐकू – कधीपासनं? – आँ? काय सांगू त्यांना? ... बियरमधला कडू पाला या खेपेला कमी घाला म्हणावं? मागच्या चारही बाटल्या...

साहेब, उठा. भट्टी घ्या आणि चला. अहो उठा म्हणतोय, त्या सिलिंडरवर आता मला बसायचंय.