करंगळीचं माप

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या हातमोज्यांच्या दुकानात नोरा हेनिगन रांगेत उभी होती. पुढचं म्हातारं जोडपं काउंटरवरून हलत नव्हतं, आणि त्यांचं बोलणं ऐकता ऐकता तिचीही घाई कमी झाली.

"बाई, हा दुकानातला सगळ्यात मोठा जोड. पण यांची बोटंच आत शिरत नाहीत."

"शिरतील कशी, व्होग्टसाहेब? माझा नवरा अकरा वर्षं बेसबॉल खेळला, दुसऱ्या बेसवर. उघड्या हातांनी चेंडू अडवायचा! हे बोट बफेलोत मोडलं, हे बॉस्टनला."

"बॉस्टनला नुसतं नख गेलं गं, डिलिया."

"तू गप रे!"

"पण तेव्हा खेळात हातमोजे नव्हते का?" नोरानं मागून विचारलं.

"होते की. मी एकदाच घातला, इथं ट्रॉयमध्येच. लोकांनी लगेच चिडवायला सुरुवात केली, 'अहो बाईसाहेब...'"

"'...घरी पाव करपतोय!'" व्होग्टसाहेबांनी वाक्य पुरं केलं.

"हां, अगदी हेच! मग मी तो काढून फेकला, आणि पुढच्याच चेंडूला ही करंगळी मोडली. पण तुम्हाला कसं ठाऊक?"

दुकानदारानं मापाची फीत काढली.

"करंगळी इकडे करा. तुमचा जोड मी स्वतः शिवणार."