न पाहिलेल्या सिनेमाची साक्ष

देवाचं नाव घेऊन झालं, मंडळी, आता जरा माणसांकडे वळू. आधी एक प्रश्न. कोर्टात कुणी उभा राहिला, म्हणाला, 'मारामारी मी पाहिली,' आणि तो त्या दिवशी गावातच नव्हता — त्याला काय म्हणायचं? खोटा साक्षीदार. बरोबर. आणि कुणी म्हणाला, 'तो सिनेमा ना? टुकार आहे,' आणि त्यानं तो पाहिलेलाच नाही — त्याला काय म्हणायचं? गप्प का? मी सांगतो. त्याला आपण म्हणतो, 'याला सिनेमातलं फार कळतं.'

हसा, हसा. तबलजी, तुम्हीही हसून घ्या. पुढे हसायला जागा कमी आहे.

इचलकरंजीत सौमित्र खटावकर नावाचा एक तरुण. चुलत्यांच्या औषधाच्या दुकानात बसायचा. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागायला यायचं आणि नव्या गाण्यावरचं मत ऐकून जायचं. कुठल्या सिनेमात संगीतानं घात केला, कुठल्या नटाचं वय झालं, कुणाचं कुणाशी बिनसलं — सगळं जिभेवर. आणि वेड खरं होतं, हे कबूल करा. अंगात ताप असताना गोळी खाऊन पहिला खेळ गाठणारा माणूस. आपण देवळात इतक्या वेळेवर येतो का?

मग त्यानं मोबाइलवर बोलायला सुरुवात केली. चॅनेलचं नाव 'खटाखट खटावकर'. कौतुक केलं की शेकड्यांनी बघायचे, टर उडवली की हजारांनी. हे गणित त्याला कुणी शिकवलं नाही. ते आपलं आपल्याला कळतं.

एका शुक्रवारी दोन सिनेमे आले. एक मोठ्या हिरोचा. दुसरा 'मधल्या आळीचा बँड' — शेजारच्याच गावच्या पद्मजा चौगुले नावाच्या बाईंनी केलेला. दात पडल्यामुळे ट्रम्पेट सुटलेल्या बँडवाल्याची गोष्ट. काम कुणी केलं? त्यांच्या सख्ख्या मामांनी. तातोबामामा. जन्मभर खरंच वरातीत वाजवलेला माणूस.

सौमित्र मोठ्या हिरोच्या सिनेमाला गेला. लहान सिनेमाला वेळ मिळाला नाही. पण बोलायचं तर दोन्हींवर होतं, नाहीतर दुसरा कुणी आधी बोलला असता. मग काय केलं? ट्रेलर पाहिला. त्यात म्हातारा ट्रम्पेट छातीशी धरून उभा, डोळे ओले. बाकीचं यानं मनानं रचलं. म्हणाला, "शेवटी म्हातारा ट्रम्पेट कवटाळून धाय मोकलून रडतो, आणि आपण तिकीट आठवून रडतो. घरीच रडा, स्वस्त पडेल."

लोक खूप हसले. तुम्ही आत्ता हसलात तसेच. गावोगाव तो व्हिडिओ फिरला.

वर्ष गेलं. इचलकरंजीतल्याच कॉलेजनं एक कार्यक्रम ठेवला — 'सिनेमा कसा पाहावा'. पाहुणे कोण? पद्मजाताई आणि आपले सौमित्रराव. शाल, नारळ, सगळं झालं. सौमित्र छान बोलला. टाळ्याही पडल्या. मग तिसऱ्या रांगेतून तबस्सुम नावाची एक मुलगी उठली. आवाजात जरासुद्धा भांडण नाही.

"सर, मी ताईंचा पिक्चर पाहिलाय. त्यात शेवटी म्हातारा रडत नाही. तो वरातीत नाचतो. तो रडतो असं तुम्ही म्हणाला होतात, ते कुठे आहे?"

मंडळी, त्या वेळी त्या पोराची काय गत झाली असेल? कान तापले. हातातल्या माइकचं वजन वाढलं. खरं बोलायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं — "आहे ना. तुमचं लक्ष नसेल."

एक खोटं झाकायला दुसरं. आणि तेही त्या लेकराच्या माथी.

मुलगी गोंधळली. मित्रमैत्रिणी तिच्याकडे बघून हसायला लागले. तेव्हा पद्मजाताईंनी माइक घेतला. म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे, बाळ. तो नाचतोच. आधी एक रडण्याचा प्रसंग होता, तो आम्ही काढला. यांनी कदाचित ती आधीची प्रत पाहिली असेल."

सभा पुढे गेली. पण यानं आधीची काय, कुठलीच प्रत पाहिली नव्हती. हे दोघांनाच माहीत — त्या बाईंना आणि याला. चारचौघांत थप्पड मारली असती तर गाल चोळून घरी आला असता. त्यांनी अब्रू झाकली, आता कुठे जाईल?

कार्यक्रम संपल्यावर जिन्यापाशी तो त्यांना गाठून म्हणाला, "ताई, मी पाहिला नव्हता."

"मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग मला वाचवलंत का?"

"त्या मुलीला वाचवलं. तुम्ही मध्ये होतात." मग म्हणाल्या, "पहिल्या रविवारी मामा आपल्या जुन्या बँडवाल्यांना टेम्पोत घालून थिएटरवर घेऊन गेला होता. नवा सदरा शिवला होता. पण तुमच्या व्हिडिओनंतर बुकिंगच झालं नाही. मालकानं खेळ काढून टाकला होता. मामानं सगळ्यांना सांगितलं, मशीन बिघडलंय."

त्यांनी त्याला सिनेमा पाहायला दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद असताना त्यानं तो पाहिला. आता तुम्हाला वाटेल, मी म्हणणार सिनेमा अप्रतिम होता. नव्हता. पहिला अर्धा भाग रेंगाळतो. आवाज मध्येच फाटतो. एक गाणं तर उगाचच आहे. पण शेवटी तो म्हातारा वऱ्हाडात शिरतो, आपल्याच जुन्या बँडपुढे हात वर करून नाचतो, आणि बोळक्या तोंडानं हसतो. सौमित्रनं मोबाइल पालथा ठेवला.

संध्याकाळी तो मामांच्या गावी गेला. मामा अंगणात शेंगा फोडत बसले होते. यानं नाव सांगितलं. मामांनी बसायला पोतं सरकवलं.

"मामा, त्या रविवारी..."

"मशीन बिघडलं हुतं," मामा म्हणाले.

"नव्हतं बिघडलं. माझ्यामुळं खेळ निघाला. मी न बघताच बोललो."

मामांनी शेंग फोडली, दाणे याच्या हातावर ठेवले.

"म्हाईत हाय. नातीनं दावलं हुतं. तू म्हनलास, म्हातारा रडतोय. आरं, हयातभर लोकांच्या वराती वाजवल्या, वरातीत कंदी रडलो न्हाई. नाच वाईट हाय म्हनला असतास तरी चाललं असतं. लई वाईट म्हनायचंस. पर बघून म्हनायचंस."

दाणे हातात तसेच राहिले. खाता येईनात, ठेवता येईनात.

परत आल्यावर त्यानं नवा व्हिडिओ टाकला. 'मी पाहिला नव्हता, मी खोटं बोललो, तबस्सुम खरं बोलत होती.' किती जणांनी पाहिला? मोजके. खाली कुणी लिहिलं, 'हेही नाटकच.' जुना व्हिडिओ त्यानं काढून टाकला, पण तो केव्हाच दुसऱ्यांच्या मोबाइलमध्ये गेला होता. अजून फिरतोय. सौमित्र आजही सिनेमे बघतो, वाईटाला वाईट म्हणतो, ती मोकळीक मामांनी दिलीच होती. पण दुकानात कुणी टाळी मागत म्हणालं, 'ते रडण्याचं लई भारी केलं होतंस,' की तो उगाच मागच्या फडताळात औषध शोधायला जातो.

तर मंडळी, हे झालं इचलकरंजीचं. तिथला माणूस खजील झाला, आपण चुकचुकलो. आता आपल्या गावाचं बोलू.

मागच्या महिन्यात आपल्या आळीतलं एक लग्न मोडलं. मुलीबद्दल काय काय बोललं गेलं, ते मी या आसनावरून उच्चारणार नाही. दुधाच्या डेअरीवर बोललं गेलं. या देवळाच्या पायरीवर बोललं गेलं. ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलं असेल, त्यांनी हात वर करा.

एकही नाही.

गजराची वेळ झाली आहे, पण टाळ अजून थोडे थांबू देत. त्या मुलीचे वडील आज आपल्यात बसले आहेत. कुठे बसलेत ते शोधू नका, मान वळवू नका. ती आज जरा खालीच असू द्या.