अप्पाची रिकामी बंदूक

खोटं वाटेल तुम्हाला, पण आमच्या अप्पाचा सासरा आज खुर्चीत बसून सुपारी कातरतोय ना, तो माझ्यामुळं.

केजमध्ये आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही अप्पानं आणला. तो बघायला सासरेबुवा दसऱ्यालाच आले. अप्पानं पाटावर आपली दुनळी बंदूक पूजेला मांडलेली आणि नळ्या नेमक्या टीव्हीपुढं बसलेल्या सासऱ्याकडं.

मी म्हणालो, "अप्पा, आधी उघडून बघ."

"रिकामी हाय बे! कालच साफ करून ठिवली."

आम्ही दोघं रविवारी अंबाजोगाईला नेमबाजी शिकायला जायचो. तिथल्या उस्तादांचा पहिला धडाच होता, की स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत कुठलीच बंदूक रिकामी नसते. मी तो म्हणून दाखवला, तर अख्खी बैठक हसली.

"लई भित्रा हायस. थांब, चाप ओढूनच दाखवतो!" म्हणत अप्पानं बंदूक उचलली.

मी झडप घातली, नळ्या अंगणातल्या मातीकडं वळवल्या आणि बंदूक उघडली. आत दोन काडतुसं, दोन्हींना ताजं कुंकू!

स्वयंपाकघरातून अप्पाची आई म्हणाली, "सकाळी म्याच भरली. तुझा बाप बी भरूनच पूजायचा. रिकामं हत्यार कावून पूजायचं?"

जेवताना सासरेबुवांनी जावयाचं ताट उचलून माझ्यापुढं ठेवलं. "अप्पासाहेब, तुमी मागच्या पंगतीला बसा."

तेव्हापासून दर दसऱ्याला त्या घरी आधी मी बंदूक उघडतो, मग हळद-कुंकू होतं आणि पहिलं ताट माझं असतं. अप्पा वाढतो.