आमटीचं त्वरण

...आणि म्हणे ‘हळू’! अहो, ‘हळू’ म्हणजे नेमकं काय? तुम्हाला सांगतो, मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आहे, उगाच ठाम विधान करणार नाही. परंतु या पुण्यात ‘हळू’इतका निरर्थक शब्द दुसरा नसावा!

माझ्या बहिणीचं, स्पृहाचं, हडपसरला काकूकडे केळवण. तिच्या होणाऱ्या सासूबाई येणार, म्हणून पुरणपोळी. पोळ्या काकूच्या, कटाची आमटी आमच्या आईची, आणि काठोकाठ भरलेलं पातेलं मंडईजवळून रिक्षाने नेण्याची जबाबदारी माझी! झाकण होतं, पण सैल. आई आधीच पुढे गेलेली. जाताना म्हणाली, “आमोद, आमटी धड पोहोचव. निदान आज तरी तुझं शिक्षण कामाला येऊ दे.”

रिक्षावाले उत्तरेश्वर. मी म्हटलं, “मांडीवर आमटी आहे हो.” ते म्हणाले, “काळजीच नको साहेब, एकदम हळू नेतो!” आणि नेली की हळू! वेग बैलगाडीचा... पण गचका, ब्रेक, पुन्हा गचका, पुन्हा ब्रेक! आमटी झाकणाला धडका देतेय! मी ओरडलो, “अहो, वेगाबद्दल माझी तक्रार नाही, त्वरणाबद्दल आहे!”

“कोन त्वरन?”

“वेगातला बदल! तुम्ही चाळीसने चला, पण चाळीसनेच चला!”

आणि काय सांगू, चालवली हो त्यांनी! सिग्नलही हिरवे मिळाले. आमटी अशी निश्चल, की झाकण काढून वर तरंगणारी कढीपत्त्याची पानं मोजावीत! इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विवेचन अपुरं सोडवतंय कुठे? मी म्हटलं, “काटेकोर सांगायचं, तर वेगात दिशाही येते. म्हणजे नुसतं वळलात, तरी ते त्वरणच. तरीही सांडणार!”

“असं हाय व्हय,” उत्तरेश्वर गंभीरपणे म्हणाले.

हडपसर आलं. “डावीकडे घ्या!” रिक्षा सरळ पुलावर! “अहो, वळा!”

“वळल्यावर सांडंल ना! तुमीच म्हनलात की!”

“सावकाश वळलं तर चालतं हो! वेगाबद्दल माझी तक्रार नाही, त्वरणाबद्दल—”

“पुलावर कुठं वळू साहेब? आता बसा गुमान!”

तेवढ्यात आईचा फोन. “कुठे आहेस? पानं वाढली! विहीणबाई विचारतायत, पोळी कोरडीच खायची पद्धत आहे का तुमच्याकडे?” मागून स्पृहा रडवेली, “दादा, ये ना रे!” आणि मी कुठे? हडपसरच्याही पुढे, मांजरी गावाच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना ऊस, एक थेंबही न सांडता... चुकीच्या दिशेने!

आता परतायचं म्हणजे दिशा पूर्ण उलटी करायची. याहून मोठा बदल संभवत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? उत्तरेश्वरांनी अदबीने विचारलं, “वळू का?” मी डोळे मिटले. म्हटलं, “वळा.”

...वळले.

काकूच्या दारात पोहोचलो, तेव्हा पातेल्यात वाटीभर आमटी होती. उरलेली मी नेसलो होतो. विहीणबाईंनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं. म्हणाल्या, “छान झालेली दिसतेय हो. वास सुरेख येतोय.”

मी दारातच उभा राहिलो, अगदी स्तब्ध. वेग शून्य. त्वरणही शून्य. आणि तरीसुद्धा, तुम्हाला सांगतो... ठिबकतच होती हो!