रिकाम्या खुर्चीचं चित्र

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या चित्रकलेच्या बाई, सहकारी शिक्षक, पालक आणि मागे दाटीवाटीनं उभ्या असलेल्या बालमित्रांनो,

बाईंचं कौतुक माझ्याआधी सगळ्यांनी केलं. माझ्या वाट्याला काय उरलं? मी शेजारच्या वर्गातली गणिताची शिक्षिका. मधल्या दारातून मला त्यांचा वर्ग दिसायचा, एवढंच माझं भांडवल. त्या दारातून पाहिलेली एक गोष्ट सांगते. बाईंची परवानगी घेतली आहे, काळजी नसावी.

बाई मुलांना तीनच रंग द्यायच्या. लाल, पिवळा, निळा. "बाकीचे तुम्ही जन्माला घाला," म्हणायच्या. आणि वर बजावायच्या, "माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा."

एका सकाळी त्यांनी टेबलावर रिकामी लाकडी खुर्ची ठेवली आणि चित्र काढायला सांगितलं. थोड्या वेळानं वर्ग इतका शांत झाला, की मी खडू ठेवून डोकावले. शांत वर्गाची धास्ती काय असते, ते शिक्षकांनाच विचारा! बघते तर प्रत्येक कागदावर खुर्चीत कोणीतरी बसलेलं. सगळीकडे तीच स्त्री. खांद्यावरून पुढे आलेली सैल वेणी, गुडघ्यावर हात, करंगळी वाकडी.

"कोण आहे ही?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच बसवलंत ना त्यांना?" पुढच्या बाकावरची चिमुरडी म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. ती करंगळी त्यांच्या थोरल्या बहिणीची होती. आईच्या आजारपणात दोघींचं बिनसलं आणि बोलणंचालणं कायमचं थांबलं. त्यांना ताई आहे, हे शाळेत मलासुद्धा ठाऊक नव्हतं.

त्यांच्या जागी मी असते तर किंचाळले असते. बाई रंग बघायला लागल्या. "अंगाला इतका पिवळा कशाला? तांबडा वाढवा."

"वाढवला होता, बाई. जुळतच नाही."

"डोळ्यांतसुद्धा पिवळाच लागतोय," दुसरी म्हणाली. "पांढरं काही सोडताच येत नाही."

बाईंनी हातसुद्धा धुतले नाहीत. "माझा वर्ग बघ गं," म्हणाल्या आणि मिळेल त्या बसनं ताईंच्या गावी गेल्या. दार आतून बंद होतं. शेजाऱ्यांनी ते तोडलं. कावीळ इतकी चढली होती, की ताईंना शुद्ध नव्हती. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

ताई वाचल्या. बऱ्या झाल्यावर बाई त्यांना शाळेत घेऊन आल्या. मुलांना काडीचंही नवल वाटलं नाही. "आता छान रंग आलाय," एवढंच म्हणाली. ताई मात्र दारातच थबकल्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"ही खोली मी पाहिलीये. तापात मी इथंच होते. ही सगळी पोरं टक लावून बघत होती. मला फार हलकं वाटत होतं हो, निघून जावंसं वाटत होतं. पण उठायला लागले, की सगळी एकदम ओरडायची, हलू नका, अजून रंग ओला आहे!"

मंडळी, त्या दिवशी वर्गात कोणीही ओरडलं नव्हतं. मी दारातच उभी होते.

ताई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही त्यांना घरी आणलंत, त्यापुढे आमचे आभार तोकडे आहेत. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपलं माणूस म्हणून पोटात घाला. नमस्कार.