ताजी खळ

सून: बाबा, ब्रश जरा खाली ठेवा ना. मला हे तुमच्याकडे बघूनच विचारायचंय.

सासरे: मघापासून नुसतं विचारायचंय, विचारायचंय. विचार की. पण आधी डॉक्टर काय म्हणाल्या ते सांग. दवाखान्यातून आल्यापासून पांढरीफटक पडली आहेस.

सून: रक्ताचा रिपोर्ट पुन्हा वाईट आलाय.

सासरे: वाईट म्हणजे किती वाईट?

सून: म्हणजे गहू पोटात जातोच आहे. वर्ष होत आलं, मी पोळीचा तुकडा तोंडात घातलेला नाही. बिस्किट नाही, केक नाही. आणि रक्त म्हणतंय, घातलाय. डॉक्टर चिडल्या नाहीत, उलट हळू बोलत होत्या, त्यानंच मला जास्त धडकी भरली. म्हणाल्या, हा सिलिअ‍ॅक आजार चिमूटभरानंही खवळतो. कुठून तरी रोज थोडंथोडं जातंय, घरात नीट बघा. बाबा, घरात स्वयंपाक तुम्ही करता.

सासरे: अस्सं. म्हणजे हे विचारायचं होतं.

सून: रागावू नका. कधी घाईत तुमच्या भांड्यातला डाव माझ्या भांड्यात गेला असेल. सूप दाट व्हावं म्हणून चमचाभर मैदा पडला असेल. चुकून. मी काही बोलणार नाही, फक्त खरं सांगा.

सासरे: रागावलो नाही. बरं वाटलं असंही नाही. तुझी सासू गेल्यापासून चूल माझ्याकडे आहे, आणि तुझं दुखणं कळलं त्या दिवसापासून घरात मैद्याचा डबा शिरलेला नाही. तुझा नवरा पावाला लावलेली सुरी तुझ्या लोण्यात घालायला निघाला होता, तर एवढ्या मोठ्या घोड्याच्या हातावर डाव मारलाय मी. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, हल्लीच्या मुलींची थेरं, आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही. म्हटलं, होतं की. तुमच्या वेळी माणसं वाळून वाळून जायची आणि तुम्ही त्याला अशक्तपणा म्हणायचात. त्या दिवसापासून बोलत नाहीत माझ्याशी. तेवढीच शांतता.

सून: मग कुठून जातंय, बाबा?

सासरे: औषधाच्या गोळ्या?

सून: विचारून घेतल्यात. टूथपेस्टसुद्धा.

सासरे: बाहेर काही खातेस?

सून: चहासुद्धा घरचा नेते. मला भीती वाटते हो. स्वतःच्याच तोंडावर विश्वास राहिला नाही माझा.

सासरे: थांब, थांब. पहिल्यांदा कळलं तेव्हा तू एवढी घाबरली नव्हतीस. उलट हसली होतीस. म्हणालीस, इतकी वर्षं दमायची, पोट फुगायचं, तोंड यायचं, सगळ्याला एक नाव मिळालं. मग आज असं काय झालंय? माझ्याकडे बघ. आता तूच माझ्याकडे बघत नाहीयेस.

सून: मला दिवस गेलेत.

सासरे: बस. आधी खाली बस. ते स्टूल घे.

सून: डॉक्टरांना माहीत आहे आणि आत्ता तुम्हाला. तुमच्या मुलाला अजून सांगितलेलं नाही. गेल्या वेळी त्यानं पहिल्याच आठवड्यात पाळणा आणला होता. मग तो माळ्यावर चढवताना त्याचं तोंड मी पाहिलंय. पुन्हा नाही बघवणार मला.

सासरे: डॉक्टर काय म्हणाल्या? सगळं सांग, गाळू नकोस.

सून: म्हणाल्या, गेल्या वेळचं यामुळेच गेलं असं छातीठोक सांगता येत नाही. पण गहू पोटात गेला की आतड्याच्या आतली मऊ लव झडते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मला लागत नाही तर बाळाला कुठून पोचणार? गहू पूर्ण बंद झाला की ती लव पुन्हा येते, पण वेळ लागतो. मी विचारलं, वेळ आहे का माझ्याकडे. त्या म्हणाल्या, नीट सांभाळलं तर खूप जणींची बाळं ठणठणीत होतात, फक्त कुठून जातंय ते आजच शोधा. आजच म्हणाल्या, बाबा. आणि मी घरभर डबे हुंगत फिरले, आणि शेवटी तुमच्यावर संशय घेतला.

सासरे: घेतलास ते बरंच केलंस. मनात ठेवून जेवली असतीस तर अंगी काय लागलं असतं? पाणी पी.

सून: नुसतं बसलं की जास्त भीती वाटते. हाताला काहीतरी काम हवं. हे पुस्तक शिवायचं राहिलंय ना? द्या इकडे, शिवता शिवता बोलते.

सासरे: घे. सावकाश. तुझ्या कामाबद्दल विचारलं का त्यांनी?

सून: विचारलं ना. बेकरीत आहात का, पिठाच्या गिरणीत आहात का. म्हटलं, नाही हो, आमचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे, मी पुस्तकं शिवते. त्या म्हणाल्या, छान काम आहे. त्यांच्याही घरात एक जुनं पुस्तक सुटं झालंय म्हणाल्या, तेवढंच काय ते हसू आलं मला. बाकी सगळा वेळ मी त्यांच्या टेबलाची कड घट्ट धरून...

सासरे: थांब.

सून: काय झालं?

सासरे: सुई खाली ठेव.

सून: टाका चुकला?

सासरे: टाका बरोबर आहे. आत्ता काय केलंस तू?

सून: काही नाही. दोरा संपला, नवा ओवला.

सासरे: कसा ओवलास?

सून: कसा म्हणजे? टोक ओठात धरलं, ओलं केलं, दातानं चपटं केलं आणि ओवलं. तुम्हीच तर शिकवलंत. लग्न होऊन आले तेव्हा पाण्यात बुडवत होते तर हसला होतात.

सासरे: आणि सकाळी, दवाखान्यात जायच्या आधी हात कशात होता तुझा?

सून: कशात असणार? पुठ्ठ्याला आतले कागद चिकटवत होते. खळीत होता. बाबा.

सासरे: हं.

सून: खळ.

सासरे: मैद्याची. पहाटे मीच शिजवली.

सून: पण ती काही खायची वस्तू नाही. ती खळ आहे.

सासरे: तेच ना. तुझ्या डोक्यात ती खळ, माझ्याही डोक्यात खळ. घरात चमचाभर मैदा येऊ दिला नाही मी, आणि इथे पातेलंभर शिजवून रोज तुझ्या पुढ्यात ठेवतो. वर फुशारकी मारतो. बाकीचे बांधणीवाले खळीला किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, माझ्या खळीत विष नसतं, रोज ताजी, लहान मूल चाटलं तरी चालेल. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो.

सून: दोरा संपला की ओठात. गाठ मारली की दातानं तोडायचा. नखात वाळलेली असली की तीसुद्धा दातानं काढते मी. दिवसभर. म्हणजे मीच खात होते. बाळाच्या वाटचं मीच...

सासरे: असं बोलू नकोस.

सून: गेल्या वेळीही मीच.

सासरे: गेल्या वेळी तू चांगली पोळी खात होतीस, माझ्याच हातची, आणि तुला दुखणं आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. तिकडे वळूच नकोस. तिथून कुणी परत येत नाही, मी तुझ्या सासूच्या वेळी बराच काळ तिथेच बसून होतो.

सून: आता उशीर झाला असेल का?

सासरे: माहीत नाही, पोरी. खोटा धीर मला देता येत नाही. पण सकाळी आपल्याला माहीत नव्हतं कुठून जातंय. आता माहीत आहे. आधी डॉक्टरांना फोन कर, दोरा, दात, नखं सगळं सांग.

सून: त्या म्हणतील, काम सोडा. तुम्हीही म्हणाल.

सासरे: पहिला विचार तोच आला, खोटं कशाला बोलू. पण मग तू घरी बसून भिंतीकडे बघत घाबरणार. त्यापेक्षा खळ जाईल. पातेलं, ब्रश, सगळं बाहेर. तांदळाची शिजवू. माझे वडील म्हणायचे, तांदळाची पकड धरत नाही. त्यांच्या सुनेला काय हे दुखणं नव्हतं, त्यांचं काय जातंय म्हणायला. ही खोली मी धुऊन काढतो, तोवर तू इथे पाऊल टाकायचं नाही. आणि डॉक्टर नाही म्हणाल्या तर नाही. तिथे मी तुझं ऐकणार नाही.

सून: आणि त्याला?

सासरे: तुझं तूच सांग. पण आज सांग. पाळणा उतरवायचा की नाही ते नंतर बघू. एकटीनं घाबरत बसायचं नाही एवढंच.

(सून डॉक्टरांना फोन करते. बऱ्याच वेळानं, दुकानाच्या पुढच्या खोलीत.)

सून: त्या म्हणाल्या, बरं झालं सापडलं. खळ बंद, तोंडाला हात बंद, मग शिवायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त बघू म्हणाल्या. उशीर झालाय का, ते विचारायचं धाडस नाही झालं.

सासरे: नखं घासलीस?

सून: लाल होईपर्यंत.

सासरे: मग हे कोरं रीळ, ही नवी सुई. या वाटीत पाणी आहे. टोक यात बुडवायचं. आणि मी समोर बसतो.

सून: रोज?

सासरे: रोज. हात तोंडाकडे गेला की टेबलावर टिचकी मारीन. हसू नकोस.

सून: हसत नाही. रडू येतंय. आणि रात्री त्याला कसं सांगू, सुरुवात कुठून करू, तेच मनात जुळवतेय. आधी रिपोर्ट सांगू की आधी...

सासरे: टिक.

सून: मला कळलंसुद्धा नाही, हात कधी वर गेला.

सासरे: मला कळलं. बुडव दोरा.